फ्लोरिडात निवृत्त व्हायचंय? आधी तिथे एक ऑगस्ट महिना काढा

दर वर्षी जानेवारीत न्यू जर्सीत पहिला मोठा बर्फ पडला की आमचा फोन वाजायला लागतो. एडिसन, पर्सिपनी, प्लेन्सबरो इथली ओळखीची किंवा ओळखीच्यांच्या ओळखीची जोडपी असतात. ड्राइव्हवे साफ करून कंबर धरलेली असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काकू, तिकडे स्टेट टॅक्स नाही ना? मग स्वस्तच पडत असेल."

आम्ही २०१९ मध्ये एडिसनचं अठ्ठावीस वर्षांचं घर विकून ऑर्लँडोच्या उत्तरेला राहायला आलो. तेव्हापासून फोनवर तेच तेच इतक्या जणांना सांगितलंय, की आता एकदा नीट लिहून काढते. फ्लोरिडा स्वस्त आहे असं मी कुणाला सांगत नाही. खर्च इथेही तेवढाच होऊ शकतो, तो वेगळ्या दारांनी आत येतो. ती दारं घर घेण्यापूर्वी माहीत असली तर इथे फार सुखाने राहता येतं. आम्ही राहतो आहोत.

पहिली पायरी: ऑगस्टमध्ये येऊन राहा

फेब्रुवारीत येऊन घर पसंत करू नका. फेब्रुवारीतला फ्लोरिडा कुणालाही आवडेल. एखादं घर महिनाभर भाड्याने घ्या आणि तो महिना ऑगस्ट असू द्या.

ऑगस्टचा दिवस असा असतो. सकाळी साडेसहाला चालायला बाहेर पडलात की चष्म्यावर वाफ धरते. दहापर्यंत बाहेरची कामं आटोपलेली बरी. दुपारी तीन-साडेतीनला आभाळ काळं होतं, विजा कडाडतात आणि अर्धा-पाऊण तास असा पाऊस कोसळतो की समोरचं घर दिसत नाही. पाच वाजता पुन्हा लख्ख ऊन आणि डांबरावरून वर येणाऱ्या वाफा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी चिपळूणची, मला हा पाऊस माहेरचा वाटतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मात्र हा दमटपणा तीन आठवडेही सोसला नाही. ती दोघं शेवटी ॲरिझोनाला गेली. तिथे २०२३ पासून सरसकट अडीच टक्के आयकर आहे, तो भरतात आणि मजेत आहेत. हे त्यांना घर घेण्याआधी कळलं, म्हणून निभावलं.

त्या महिन्यात दोन गोष्टी करा. ज्या भागात घर बघताय तिथल्या कुणाचं तरी जुलै-ऑगस्टचं विजेचं बिल प्रत्यक्ष बघा. न्यू जर्सीतले हीटिंगचे पैसे वाचतात हे खरं, पण इथे एसी वर्षातले आठ-नऊ महिने चालतो. आणि डॉक्टर, किराणा, मंदिर सगळीकडे स्वतः गाडी चालवत जाऊन या. इथे गाडीवाचून पान हलत नाही. आज पासष्टीत वीस मैल म्हणजे काहीच वाटत नाहीत, पण पंच्याऐंशीला त्या वीस मैलांचं काय करायचं याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

दुसरी पायरी: टॅक्सचा हिशेब तुमच्या आकड्यांनी करा

फ्लोरिडात वैयक्तिक आयकर नाही. राज्यघटनेतच तशी तरतूद १९२४ पासून आहे. वारसा कर नाही, इस्टेट टॅक्सही नाही. विक्रीकर ६ टक्के, त्यावर काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) थोडा अधिभार, पण किराण्यावर तो लागत नाही.

आता न्यू जर्सीची बाजू बघा, कारण ती कुणी बघतच नाही. सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) न्यू जर्सी कर लावत नाही. वय ६२ किंवा जास्त आणि जोडप्याचं एकूण उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल, तर पेन्शन आणि ४०१-के (नोकरीतला निवृत्ती निधी) मधून काढलेल्या पैशांनाही तिथे मोठी सूट आहे. ही सूट पुढे कमी होत होत १,५०,००० डॉलरला संपते. म्हणजे मध्यम उत्पन्नाचं जोडपं न्यू जर्सीत मुळातच फारसा राज्य आयकर भरत नाही. जे भरतच नाही ते फ्लोरिडात वाचणार कुठून? ज्यांचं उत्पन्न दीड लाखाच्या वर आहे त्यांचे पैसे मात्र नक्की वाचतात.

तिथला खरा बोजा घरपट्टीचा. २०२४ मध्ये न्यू जर्सीची सरासरी घरपट्टी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली. पण ज्येष्ठांसाठी सीनियर फ्रीझ, अँकर आणि आता स्टे एनजे अशा योजना आहेत आणि त्यातून बरीच रक्कम परत मिळू शकते. राज्य सोडलं की हे सगळं थांबतं. दोन्ही बाजूंचे हे आकडे एका कागदावर मांडल्याशिवाय "टॅक्स वाचतो" हे वाक्य उच्चारू नका, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

तिसरी पायरी: विकणाऱ्याची घरपट्टी तुमची नव्हे

इथे जवळजवळ प्रत्येक नवा माणूस फसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्लोरिडात स्वतः राहत्या घराला 'होमस्टेड' सवलत मिळते. करपात्र किमतीतून सुमारे ५०,००० डॉलर वजा होतात (शाळांच्या करासाठी त्यातले निम्मेच). शिवाय १९९५ पासून नियम आहे की होमस्टेड घराची करासाठी धरलेली किंमत वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल तेवढीच वाढू शकते. मालकासाठी ही फार मोठी सोय आहे. पण घर विकलं की ती मर्यादा तुटते आणि पुढच्या १ जानेवारीला घर बाजारभावावर येतं.

ढोबळ उदाहरण घ्या. एका आजोबांनी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर आज चार लाखांचं आहे, पण कागदावर त्याची किंमत १,७०,००० डॉलर आहे. कराचा दर १.६ टक्के धरला तर सवलत वजा जाता त्यांना वर्षाला सुमारे १,९०० डॉलर पडतात. जाहिरातीत हाच आकडा दिसतो आणि वाचून आपण हरखतो. तेच घर तुम्ही चार लाखांना घेतलंत की तुमचा कर सुमारे ५,६०० डॉलर होतो. त्यात आणखी एक मेख आहे: घर जूनमध्ये घेतलं, तर त्या नोव्हेंबरचं बिल जुन्याच हिशेबाने येतं. आपण निश्चिंत होतो. पुढच्या नोव्हेंबरला तिप्पट बिल हातात पडतं. कर्ज असेल तर एस्क्रोमधली (कर आणि विम्यासाठी बँकेने राखलेल्या खात्यातली) तूट भरा म्हणून बँकेचंही पत्र येतं.

म्हणून प्रत्येक काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या (करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) वेबसाइटवर असलेल्या कॅल्क्युलेटरमध्ये स्वतःची खरेदीची किंमत घालून बघा. १ जानेवारीला त्या घरात कायमचे राहत असाल तर १ मार्चपर्यंत होमस्टेडचा अर्ज करा. तारीख चुकली तर साधारण वर्ष गेलंच समजा. बिल नोव्हेंबरमध्ये भरलं तर ४ टक्के सूट मिळते. पुढे दर महिन्याला ती एकेक टक्का कमी होते आणि ३१ मार्च ही शेवटची तारीख.

चौथी पायरी: विमा, आणि तो घराच्या आधी

माझ्या मते फ्लोरिडात घर परवडतं की नाही हे विमा ठरवतो. घराची किंमत त्याच्या नंतर येते.

आम्ही घर बघितलं, आवडलं. एका एजंटने फोनवर विम्याचा अंदाज दिला, तो धरून आम्ही बजेट केलं. करार झाल्यावर कंपनीने छपराचं वय विचारलं. छप्पर सतरा वर्षांचं निघालं आणि खरा आकडा अंदाजाच्या दुपटीच्या जवळ गेला. विकणाऱ्याशी पुन्हा बोलणी करून नव्या छपराचा अर्धा खर्च त्याच्याकडून घेतला, पण ते तीन आठवडे आम्ही दोघं नीट झोपलो नाही. तुम्ही उलट क्रमाने जा: सहीच्या आधी छपराचं वय विचारा, पर्मिटचा कागद मागा आणि लेखी कोटेशन घ्या.

दोन तपासण्या माहीत असाव्यात. जुन्या घराला 'फोर-पॉइंट' लागते: छप्पर, वीज, नळजोडणी आणि एसी. दुसरी 'विंड मिटिगेशन', म्हणजे वादळाला घर किती तोंड देईल याची. आमच्याकडे आलेला तपासनीस टॉर्च घेऊन माळ्यावर सरपटत गेला आणि छपराच्या वाशाला भिंतीशी बांधणाऱ्या लोखंडी पट्टीचा जवळून फोटो काढला. खाली आल्यावर त्याने मला तो दाखवला. पट्टीत तीन खिळे होते. "तीन आहेत, सूट मिळेल," म्हणाला. दोनच असते तर पट्टी धरलीच गेली नसती. त्या तीन खिळ्यांनी आमचा दर वर्षीचा हप्ता कमी केला. हा अहवाल साधारण पाच वर्षं चालतो, तपासणीचा खर्च पहिल्याच वर्षी भरून निघतो. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर बांधकामाचे नियम कडक झाले आणि २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. त्यामुळे घर २००२ नंतरचं असेल तर विमा सोपा जातो.

वादळाचं डिडक्टिबल वेगळं असतं आणि ते टक्क्यांत असतं. साडेतीन लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे पहिले ७,००० डॉलर तुमच्या खिशातून. एवढी रक्कम वेगळी काढलेली हवी.

आणि पूर. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ फोर्ट मायर्सच्या बाजूने आलं. समुद्राचं पाणी घराघरांत शिरलं आणि अनेकांना ही गोष्ट त्या दिवशी कळली. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत इमारतीसाठी कमाल २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात, आणि घेतल्यापासून सहसा ३० दिवसांनी तो लागू होतो. वादळाची बातमी आल्यावर घेऊन उपयोग नाही. फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या पूर-नकाशावर तुमचं घर 'एक्स' म्हणजे कमी धोक्याच्या विभागात असलं तरी घ्या, हप्ता त्या मानाने कमी असतो. ऑर्लँडो समुद्रापासून आत आहे, तरी इयनच्या पावसाने इथल्या कितीतरी वस्त्यांत पाणी भरलं होतं.

गाडीचा विमाही इथे महाग आहे. तोही कोटेशन घेऊनच हिशेबात धरा.

पाचवी पायरी: वस्तीचे नियम वाचा, नातवंडांसकट

बहुतेक नव्या वस्त्यांना एचओए (घरमालकांची संस्था) असतं. त्याचा मासिक आकडा सगळे विचारतात. 'सीडीडी' कुणी विचारत नाही. रस्ते, तळी, गटारं बांधायला विकासकाने रोखे काढलेले असतात आणि त्यांची परतफेड वर्षानुवर्षं तुमच्या घरपट्टीच्या बिलातून होते. ती वर्षाला दोन-तीन हजार डॉलरही असू शकते. "सीडीडी किती आणि किती वर्षं उरलीत?" हा प्रश्न लेखी विचारा.

समुद्रकाठच्या काँडोचा (मालकीच्या फ्लॅटचा) मोह सगळ्यांनाच होतो. २४ जून २०२१ ला सर्फसाइडची बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतरच्या कायद्याने तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या इमारतींची सक्तीची तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी आला. हे व्हायलाच हवं होतं. पण त्यामुळे कितीतरी जुन्या इमारतींत मासिक फी वाढली आणि रहिवाशांवर हजारो डॉलरच्या एकरकमी वर्गण्या आल्या. काँडो स्वस्त दिसला तर तपासणीचा आणि राखीव निधीचा अहवाल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पंचावन्न वर्षांवरील लोकांच्या वस्त्या छान असतात: तरणतलाव, पत्ते, योगवर्ग, सोबत. टवारेसला खास भारतीयांसाठीची 'शांतिनिकेतन' वस्ती आहे, तिथे शाकाहारी जेवणघर आहे. मात्र अशा वस्त्यांत पाहुणी मुलं वर्षाला किती दिवस राहू शकतात यावर मर्यादा असते. लेकीला बाळ झालं आणि तिला तुमच्याकडे दोन-तीन महिने राहायचं असेल तर? आपल्या घरांत हे हमखास होतं. आम्ही याच एका कारणासाठी अशी वस्ती सोडून साध्या वस्तीत घर घेतलं, आणि नात इथे सलग चार महिने राहिली तेव्हा तो निर्णय पुरेपूर पावला.

सहावी पायरी: मेडिकेअर

मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. मूळ मेडिकेअर आणि त्याला पूरक खासगी विमा, म्हणजे मेडिगॅप, असेल तर ते देशभर चालतं, नवा पत्ता कळवा एवढंच. मेडिकेअर ॲडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारी मेडिकेअर) असेल तर ती योजना काउंटीशी बांधलेली असते आणि राज्य बदललं की संपते. जाण्याच्या आधी कळवलंत तर जाण्याच्या आदल्या महिन्यापासून जाण्यानंतरच्या दोन महिन्यांपर्यंत नवी योजना निवडता येते. याच वेळी मूळ मेडिकेअरकडे परत जाऊन तब्येतीची चौकशी न होता मेडिगॅप घेण्याचा हक्कही मिळतो. मधुमेह, हृदयविकार असलेल्यांसाठी ही संधी सोन्यासारखी आहे. जुनी योजना संपल्यावर ६३ दिवसांत ती साधावी लागते.

आणखी एक. एडिसनचं राहतं घर विकून जोडप्याला मिळणाऱ्या पाच लाख डॉलरच्या करसवलतीपेक्षा जास्त नफा झाला, तर वरचा नफा उत्पन्नात धरला जातो आणि दोन वर्षांनी मेडिकेअरचा हप्ता वर्षभरासाठी चढतो. तेवढी तजवीज ठेवा. भारतात असताना मेडिकेअर सहसा चालत नाही. हिवाळ्यात पुण्याला जाणार असाल तर प्रवासाचा वेगळा विमा काढा.

सातवी पायरी: निघताना आणि पोचल्यावर

न्यू जर्सीच्या 'एक्झिट टॅक्स'ला घाबरू नका. तो वेगळा कर नाही. राज्याबाहेर गेलेल्या माणसाकडून घरविक्रीच्या वेळी आगाऊ घेतलेली कराची रक्कम असते. राहतं घर विकत असाल आणि नफा सवलतीत बसत असेल, तर जीआयटी/आरईपी-३ हा फॉर्म भरला की ती कापली जात नाही. क्लोजिंगच्या (विक्रीचा व्यवहार पूर्ण होण्याच्या) आधी वकिलाला आठवण करा.

फ्लोरिडात आल्यावर ३० दिवसांत लायसन्स, मग गाडीची नोंदणी, मतदार नोंदणी आणि कोर्टात 'डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल', म्हणजे इथेच कायमचं राहतो असं प्रतिज्ञापत्र. न्यू जर्सीतही घर ठेवणार असाल तर कुठे किती दिवस राहिलात याची नोंद ठेवा. तिथे वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर ते तुम्हाला तिथलेच रहिवासी धरतात.

मृत्युपत्र इथल्या वकिलाकडून नव्याने बघून घ्या. फ्लोरिडात मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती एकतर राज्याची रहिवासी हवी, नाहीतर नात्यातली. एडिसनच्या जिवलग मित्राचं नाव घातलं असेल तर ते इथे चालणार नाही. आजारपणात निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि पॉवर ऑफ ॲटर्नीसुद्धा त्याच बैठकीत उरका.

भारतीय कामांसाठी आता न्यूयॉर्कऐवजी अटलांटाचा वाणिज्य दूतावास. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असो, पासपोर्ट असो की भारतातल्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला. आणि फ्लोरिडाहून मुंबईला थेट विमान नाही. सत्तरीत मधला एक थांबा आणि व्हीलचेअरची वाट हे दोन्ही जाणवतं.

आठवी पायरी: माणसं

ऑर्लँडो, टॅम्पा, जॅक्सनव्हिल, दक्षिण फ्लोरिडा इथे मराठी मंडळी आहेत, गणपती होतात, दिवाळी होते. तरी एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर सहज चार ओळखीचे भेटतात तसं इथे होत नाही. अंतरं मोठी आहेत. म्हणून त्या ऑगस्टमध्ये मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला जा, गणपतीच्या तयारीत हात लावा, चार नंबर घ्या. दोघांपैकी एक मागे राहील तेव्हा दवाखान्यात कोण नेईल, हा प्रश्न नवरा-बायकोने बसून मोठ्याने बोलावा. आम्ही बोललो. मुलगी शिकागोला आहे आणि एकटं पडलो तर तिच्या जवळ जायचं, हे घर घेण्यापूर्वीच ठरवलं. त्यामुळे हे घर घेताना ते पुढे विकायला सोपं जाईल एवढंही पाहिलं.

बाग करा, तीही पहिल्याच वर्षी. एडिसनला माझा कढीपत्ता खिडकीशी कुंडीत जीव धरून होता, इथे तो माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. त्याची रोपं किंवा पानं परराज्यात मात्र नेऊ नका. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर असते आणि फ्लोरिडातून बाहेर नेण्यावर बंधनं आहेत. आंबाही लावा. फ्लोरिडाचा प्रसिद्ध हेडन आंबा १८८९ मध्ये भारतातून आलेल्या मुलगोबाच्या कोयीपासूनचा आहे.

पहिल्या जूनच्या आधी

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. मे महिन्यात एक जाड प्लास्टिकची पिशवी भरा: पासपोर्ट, ओसीआय, घराचा आणि पुराचा विमा, औषधांची यादी आणि महिन्याची औषधं, थोडी रोकड, घरातल्या प्रत्येक खोलीचे फोटो असलेला पेनड्राइव्ह. तुमचा इव्हॅक्युएशन झोन (वादळात घर सोडायला सांगतात तो विभाग) काउंटीच्या वेबसाइटवर बघून फ्रिजवर लिहून ठेवा. तो पुराच्या विभागापेक्षा वेगळा असतो.

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन आलं तेव्हा आमची वीज चार दिवस गेली होती. गॅसची शेगडी आणि दोन सिलिंडर होते, म्हणून शेजारच्या तीन घरांना चहा आणि खिचडी देता आली. शेगडी घराबाहेर उघड्यावरच पेटवा, गॅरेजमध्ये कधीही नको. जनरेटर असेल तर तोही खिडक्यांपासून वीस फूट लांब. आणि शेजाऱ्यांचे फोन नंबर कागदावर लिहिलेले असू द्या. तिसऱ्या दिवशी फोनची बॅटरी संपते.